क्रोम पट्टी सारखी निघतेय? गोंद विचारायच्या आधी निघालेल्या पट्टीची पाठ बघ

चाळीसगावच्या एका भाऊने विचारलंय, थोडक्यात सांगतो. पांढरी स्विफ्ट, चारी दारांच्या खालच्या बाजूला क्रोमची पट्टी लावलेली, मागे टेप लागूनच आली होती. मार्चमधे लावली आणि मे संपायच्या आत दोन दारांची सुटली, एक तर पाचोऱ्याच्या रोडवर कुठे पडली ते कळलंच नाही. आता बहिणीचं लग्न आहे, नवीन पट्टी आणून ठेवलीय आणि प्रश्न असा की फेविक्विक, अरल्डाईट, सिलिकॉन का परत टेप, "दादा सगळ्यात पक्कं काय ते एकच सांगा".

एकच सांगतो भाऊ, चांगली ॲक्रेलिक फोम टेप. पण एवढं वाचून दुकानात पळालास तर पुढच्या मे मधे परत विचारायला येशील, म्हणून बाकीचं पण वाच. जळगावला ॲक्सेसरीज आणि डेंटिंग-पेंटिंगचं काम करून मला बावीस वर्षं झाली, त्यात पट्ट्या लावल्या त्यापेक्षा दुसऱ्यांनी लावलेल्या काढून परत लावल्या तेच जास्त असेल, आणि खराब गोंदामुळे निघालेली पट्टी त्यात कमीच होती.

पहिलं काम, जी पट्टी तुझ्याकडे उरलीय ती उलटी करून बघ आणि दारावर जिथून निघाली ती जागा पण बघ. टेप कुठे राहिली? टेप पट्टीलाच राहिली आणि तिचं गाडीकडचं तोंड स्वच्छ चकचकीत असेल तर गाडीची बाजू नीट साफ झाली नव्हती, वॅक्स, पॉलिश, धूळ काहीतरी मधे होतं. टेप गाडीवरच राहिली आणि पट्टी तेवढी सुटून आली तर पट्टीच्या प्लास्टिकनेच टेप धरली नाही. आणि टेप मधूनच फाटली, अर्धी इकडे अर्धी तिकडे, तर टेपच हलकी होती. तिन्हीचा इलाज वेगळा आहे. मला फोनवर कोणी विचारलं ना की मी आधी हाच फोटो मागतो, गाडीचा पूर्ण फोटो काय कामाचा.

आता "सगळ्यात पक्कं" ह्या शब्दावर येतो, कारण सगळी गडबड तिथेच आहे. लोकांना वाटतं पट्टीच्या वजनाने ती निघते. अरे एक मीटरची पट्टी, वजन दीडशे ग्रॅम समज. फोम टेपचा हिशोब साधारण असा धरतात की एक किलो वजन कायमचं लटकवायला 55 चौरस सेंटिमीटर टेप पाहिजे. तुझी पट्टी एक सेंटिमीटर रुंद धरली तरी मीटरभरात 100 चौरस सेंटिमीटर टेप झाली. म्हणजे जिथे आठ-दहा चौरस सेंटिमीटरमधे काम झालं असतं तिथे 100 लागलीय, वजनाचा तर विषयच नाही. पट्टी निघते ती उन्हामुळे. आपल्याकडे मे मधे पारा 45 च्या वर जातो ते सावलीतलं झालं, उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याच्या खूप पुढे असतो. माझ्याकडे तापमान बघायची ती बंदूक आहे, दुपारी दोनला काळ्या गाडीच्या पत्र्यावर धरली तर 75 च्या पुढे आकडा येतो, पांढऱ्यावर पंधरा-वीस कमी येईल पण हात ठेववत नाहीच. आता प्लास्टिक तापलं की लांब होतं, लोखंड पण होतं पण प्लास्टिकच्या सहावा-सातवा हिस्सा. सकाळी 30 अंशाला लावलेली मीटरभर पट्टी 75 ला गेली तर पत्र्यापेक्षा जवळजवळ 3 मिलिमीटर जास्त लांब होते, मधल्या भागापासून धर तर दोन्ही टोकांना दीड-दीड मिलिमीटर. रोज दुपारी लांब, रोज रात्री आखूड, आणि हे चार महिने.

आता ह्या दोघांच्या मधे अरल्डाईट टाकून बघ. ते वाळलं की दगड होतं, थर जेमतेम कागदाएवढा, त्याला दीड मिलिमीटर सरकायला जागाच नाही. मग तीनपैकी एक होणार, गोंद तडकणार, पट्टी मधून फुगून कमान होणार, नाहीतर सगळ्यात वाईट म्हणजे गाडीचा कलर घेऊनच निघणार. कलरसकट निघालेल्या पट्ट्या मी पाहिल्यात, खाली प्रायमर दिसतो, आणि मग तो माणूस म्हणतो गोंद भारी होता. भारी होता ना, कलरपेक्षा भारी होता, तोच तर प्रॉब्लेम. फोम टेपचं काम उलटं असतं, ती स्वतः ताणली जाते. चांगली ॲक्रेलिक फोम टेप आपल्या जाडीच्या तिप्पट आडवी सरकू शकते, म्हणजे 1.1 मिलिमीटरची टेप तीन मिलिमीटरच्या वर झेलते, आपल्याला टोकाला दीडच पाहिजे. म्हणून कंपन्या पण साईड मोल्डिंगला, लोगोला, डोअर व्हायझरला हीच टेप वापरतात. थ्री एमची व्हीएचबी टेप 1980 पासून बाजारात आहे, अजून दोन-तीन कंपन्यांच्या चांगल्या येतात, मी कोणाची जाहिरात करत नाहीये, फक्त टेप ॲक्रेलिक फोमची पाहिजे एवढंच.

ओळखायची कशी? लाल कागद असला म्हणजे ओरिजिनल असं दुकानदार सांगतो, लाल कागद आता सगळेच लावतात. दोन इंच तोडून दोन्ही हातांनी ताण. ॲक्रेलिक फोम च्युइंगगमसारखी लांब होते आणि सोडली की हळूहळू परत येते, बाजूने बघितलं तर अख्खी एकसारखी दिसते. हलकी वाली म्हणजे पांढरा स्पंज आणि त्याला दोन्ही बाजूने गोंद फासलेला, ताणली की फटकन तुटते, किंवा स्पंज आतून चिरतो. भिंतीवर कॅलेंडर लावायला ती चालेल. पट्टीसोबत जी टेप लागून येते ती बऱ्याचदा हीच असते, म्हणून मी नवीन पट्टीची पण मागची टेप काढून टाकतो आणि आपली लावतो. गिऱ्हाईक बघत असलं की त्याला वाटतं हा नवीन माल खराब करून ऱ्हायलाय, पण लटकणाऱ्या पट्ट्या घेऊन परत आलेल्या गाड्या मी पाहिल्यात, त्याने नाही.

बाकीच्यांचं पण सांगून टाकतो. फेविक्विक किंवा तसले इन्स्टंट गोंद, ही वस्तू वाईट नाहीये, तुटलेली क्लिप जोडायला मी पण वापरतो. पण वाळलं की ठिसूळ होतं, 80 अंशाच्या आसपास ढिलं पडायला लागतं, दार जोरात आपटलं की सुटतं, आणि आजूबाजूला पांढरी वाफ बसल्यासारखा डाग पडतो तो क्रोमवर आणि काळ्या प्लास्टिकवर लगेच दिसतो. कलरवर सांडलं तर काढताना कलर जातो. चपलेचं किंवा सनमायकाचं रबर सोल्यूशन उन्हात मऊ होतं आणि त्यातलं थिनर कलरला लागतं. आणि आपल्या जळगावकडचा खास प्रकार म्हणजे पाईप जोडायचं सोल्यूशन. शेतात ड्रिप आणि पीव्हीसी घरोघरी, डबा पडलेलाच असतो, पट्टी पण पीव्हीसीची, मग लावलं! ते सोल्यूशन चिकटवतच नाही भाऊ, ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, आणि गाडीचा कलर पण तसाच विरघळवतं. यावलच्या एका केळीवाल्याने बोलेरोच्या दोन दारांना असं लावून आणलं होतं, चार पट्ट्यांच्या पायी दोन दारं परत रंगवावी लागली.

सिलिकॉनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलीय. सिलिकॉन ताणतं, उन्हाला पण मजबूत, कागदावर सगळं बरोबर. पण साधं जे मिळतं, ज्याला व्हिनेगरचा वास येतो, त्यातून ॲसिड सुटतं, उघड्या पत्र्याला गंज धरवतं. आणि त्याहून मोठी भानगड म्हणजे सिलिकॉन एकदा पत्र्यावर लागलं की त्या जागी पुढे कलर बसत नाही. सुरुवातीच्या दिवसात मी एका क्वालिसला सगळ्या बाजूने मोल्डिंग सिलिकॉनवर लावलं, मस्त बसलं, वर्षभराने ती गाडी ठोकून आली आणि दार रंगवायला घेतलं तर कलर मारला की लगेच गोल गोल डोळे पडायचे. घासलं, परत मारलं, परत डोळे. तीन वेळा. आमच्या उस्तादाने विचारलं इथे काय लावलं होतं, मी गप्प. मग म्हणे, "काय करी ऱ्हायना भो तू?" एवढंच, पण ते अजून लक्षात आहे. तेव्हापासून माझ्या शेडमधे पत्र्याजवळ सिलिकॉनची ट्यूब येऊ देत नाही.

काचवाले वापरतात ते पीयू, म्हणजे पुढची काच बसवायचं काळं सीलंट, ते खरं दमदार आहे आणि रबरासारखं लवचिक पण. स्पॉयलर, जड बॉडी किट, व्हील आर्चची मोठी क्लॅडिंग (चाकावरच्या कमानीचं काळं प्लास्टिक) जिथे मागची बाजू सपाट नाही आणि टेपला टेकायला जागा मिळत नाही तिथे तेच वापर, जमलं तर कडेला टेप आणि मधे पीयू. पण दोन गोष्टी. एक, ते हवेतल्या ओलाव्याने वाळतं. आपल्याकडे एप्रिल-मे ची हवा एवढी कोरडी की पापड दोन तासात वाळतो पण पीयू वाळत नाही, वरून साय धरते आणि आत दोन-दोन दिवस मऊ. उन्हात ठेवलं म्हणजे लवकर वाळेल हे इथे चालत नाही, सावलीत, बाजूला ओलं गोणपाट टांगून ठेव. दुसरं, नंतर काढायचं म्हणशील तर सुरीने कापूनच निघतं. क्रोम पट्टीसाठी ते लावणं म्हणजे भरताचं वांगं कापायला कोयता घेण्यासारखं आहे. आणि दाराच्या अगदी खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात, पीयू फासताना ती बंद केली की पावसाळ्यात दारात पाणी साठतं आणि आतून सडतं, बाहेरून दोन वर्षं कळत पण नाही.

आता पट्टीचं प्लास्टिक. हे कोणी बघत नाही. पट्टीच्या किंवा क्लॅडिंगच्या मागे बारीक अक्षरात शिक्का असतो, एबीएस, पीपी, पीपी-ईपीडीएम असं. एबीएस असेल तर बिनधास्त, क्रोम प्लेटिंग केलेला कडक माल बहुतेक एबीएसच असतो, टेप मस्त धरते. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीपी-ईपीडीएम म्हणजे त्यातच रबर मिसळलेलं, काळी क्लॅडिंग आणि बंपर बहुतेक ह्याचेच, ह्याला काहीच चिटकत नाही, तेल लावलेल्या ताटासारखं. त्याला आधी ॲडहेजन प्रमोटर, म्हणजे टेपची पकड वाढवणारं पातळ द्रव लागतं, छोट्या बाटलीत किंवा पुडीत मिळतो, प्राइमर 94 म्हणून मागितलं की देतात. पातळ एकच हात पुसायचा, दोन-तीन मिनिटं वाळू द्यायचा, मग टेप. जास्त लावलं की जास्त धरेल असं नाही, उलट थर जाड झाला की तोच सुटतो. गाडीच्या कलरवर सांडू देऊ नको, डाग राहतो, बाजूला मास्किंग टेप मार.

आणि तिसरा प्रकार, मला वाटतं तुझं हेच झालंय, गुंडाळी करून मीटरवर विकतात ती मऊ क्रोम पट्टी. ती मऊ पीव्हीसी असते. मऊ राहावी म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते उन्हात हळूहळू बाहेर येतं आणि टेपच्या गोंदात शिरतं. मग गोंद पातळ होतो, बोटाला ताज्या गुळासारखा लागतो. उन्हाळ्यात दोन महिन्यात निघाली म्हणतोस, टेप गाडीवर राहिली असेल आणि हात लावला की चिकचिक लागत असेल तर हीच भानगड आहे. त्याला कुठलाही गोंद लावून फायदा नाही, पट्टीच बदल. कडक एबीएसची घे, मॉडेलप्रमाणे कापून आलेली. दोनशे-चारशे जास्त जातील. गुंडाळीवाली पट्टी दाराच्या कडेला खोचायला ठीक आहे, जिथे ती स्वतःच्या पकडीवर बसते.

लावायची पद्धत. आधी गाडी शॅम्पूने धुवून घे, मग जिथे पट्टी येणार तिथे पाणी टाकून बघ. पाण्याचे मोती होऊन पळाले तर वर वॅक्स, टेफलॉन नाहीतर सिरॅमिक कोटिंग आहे. पाणी चादरीसारखं पसरून राहिलं तर जागा स्वच्छ आहे. टेफलॉन-वॅक्स असेल तर तेवढ्या पट्ट्यात बारीक कंपाउंड मारून उतरव. सिरॅमिक असेल तर ज्याने केलं त्याच्याकडून तेवढा पट्टा पॉलिश करून घे, आणि पीपीएफ, म्हणजे कलर वाचवायची पारदर्शक फिल्म असेल तर सरळ लावूच नको, पट्टीसोबत फिल्मच निघेल. दार नुकतं रंगवलं असेल तर महिनाभर थांब, नवीन कलरमधून थिनर बाहेर पडत असतं आणि टेपखाली बुडबुडे धरतं.

मग आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल रिपेअरिंगचं सामान मिळतं तिथे मिळेल. निम्मं आयपीए निम्मं पाणी, स्वच्छ सुती कापड, एकाच दिशेने पुसायचं आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच टिपायचं, उडून जायची वाट बघत बसलं की मळ तिथेच परत बसतो. कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर वापरू नको, त्यात हात मऊ राहावे म्हणून ग्लिसरीन असतं, त्याचा थर मागे राहतो. पेट्रोलने पुसणारे पण आहेत, पेट्रोल पण तेलकट थर सोडतं. थिनर तर रिपेंट केलेल्या दाराला लावूच नको. पट्टीची मागची बाजू पण अशीच पुस. पुसल्यावर तिथे बोट लावायचं नाही, आणि मधेच चहा-भजी खाऊन आला तर हात धुवून ये, हसू नको, खरंच होतं. उस्ताद शेवटपर्यंत एकच सांगायचा, "आधी धुई ले, मंग चिटकाड."

गरमी-थंडीचं पण बघ. टेप लावायला पत्रा 20 ते 38 अंशामधे पाहिजे. उन्हाळ्यात म्हणजे सकाळी सातच्या आत, शेडमधे. थंडीत उलटं. एकदा डिसेंबरमधे सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेल्या एका गाडीला मी पहाटे पट्ट्या मारून दिल्या, थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती, पत्रा बर्फ. टेप थंडीत कडक होते, वाहून पत्र्याच्या बारीक खाचांमधे बसत नाही, नुसती टेकते. दोंडाईच्यापर्यंत पण नाही पोहोचल्या पट्ट्या. चूक माझीच होती, नवीन आणून फुकट लावून दिल्या. थंडीत हेअर ड्रायरने पत्रा आणि टेप दोन्ही कोमट कर, हाताला गरम दुधाचा ग्लास धरल्यासारखं लागलं की बास.

आधी मास्किंग टेपने सरळ रेघ आखून घे, कारण ही टेप एकदा टेकली की सरकत नाही, उचलून परत लावली की पहिल्याएवढी धरत नाही. पट्टीच्या मागे टेप टोकापर्यंत ने, दोन-तीन मिलिमीटरच सोड. लोक टोकाला इंचभर सोडतात, तिथूनच वारा आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशर आत घुसतो आणि पट्टी केळीच्या सालीसारखी सोलली जाते. लाल कागद अख्खा एकदम काढू नको, दोन्ही टोकांचा थोडा बाहेर वळवून ठेव, पट्टी रेघेवर धर, टोकं टेकव, मग मधला ओढून काढ. पट्टी ताणून लावू नको, ताणून लावलेली पट्टी रात्री आखडते आणि टोकं उचलते. मग दाब, आणि इथे कंजूषी नको. अंगठ्याने एक-एक इंच, पूर्ण जोर लावून, दोन वेळा. ही टेप ओलाव्याने वाळत नाही का उन्हाने वाळत नाही, ती दाबाने बसते आणि वेळेने पकडते. वीस मिनिटात साधारण निम्मी पकड येते, 24 तासात नव्वद टक्के, पूर्ण यायला 72 तास.

जुन्या टेपचा जो चिवट थर दारावर राहिलाय तो सुरीने खरडू नको. हेअर ड्रायरने गरम कर, मासे धरायचा तंगूस टेपच्या मागून करवतीसारखा ओढ, उरलेला अंगठ्याने गोळा करून काढ. शेवटचा चिकटपणा रॉकेलच्या बोळ्याने जातो, पण मग शॅम्पूने धुणं आलं आणि परत आयपीए.

जाता जाता एक, लग्नात डॅशबोर्डवर गणपती नाहीतर मनुदेवीची मूर्ती पण ह्याच टेपने बसवतात. बसव, पण डाव्या बाजूला जिथे एअरबॅग लिहिलंय त्या झाकणावर नको. बॅग फुटली की मूर्ती गोळीसारखी तोंडावर येईल.

बहिणीचं लग्न रविवारी आहे म्हणतोस तर पट्टी बुधवारी सकाळी लाव, शनिवारपर्यंत वॉशिंगला न्यायची नाही, गाडी सावलीत. शनिवारी संध्याकाळी हलक्या हाताने पाणी मार. आणि फुलं लावणाऱ्याला आधीच सांगून ठेव की हाराची सेलोटेप पट्टीवर मारायची नाही, ते लोक रात्री हार ओरबाडून काढतात.